अकराव्या मजल्यावरचा वाचकवर्ग

श्री. पद्माकर गजभिये, अवर सचिव, यांच्या दक्षिण दिल्लीतल्या अकराव्या मजल्यावरच्या सरकारी निवासस्थानी मे महिन्याच्या अखेरीस एक पिल्लू रुजू झालं. जात शित्झू, वय दहा आठवडे, वजन पावणेदोन किलो. मुलगी श्रावस्ती हिला दहावीत नव्वदच्या वर टक्के मिळाल्यास कुत्रा आणण्यात येईल, असं आश्वासन गजभियांनी दोन वर्षांपूर्वी दिलं होतं. ते पाळावं लागणार नाही, असा त्यांचा अंदाज होता. मुलीनं एक्क्याण्णव मिळवून तो चुकवला आणि पिल्लाचं नाव मोमो ठेवलं.

मोमोनं पहिल्याच दिवशी पाच वेळा हजेरी नोंदवली. एकदा सोफ्याखाली, एकदा फ्रिजसमोर, एकदा गजभियांच्या ऑफिसच्या बुटात आणि दोनदा दिवाणखान्यातल्या गालिच्यावर. हा गालिचा गजभियांच्या पत्नी हेमलताबाईंनी मराठी मंडळाच्या सहलीत आणला होता. काला अंबच्या युद्धस्मारकापाशी पूर्वजांना वंदन करून झाल्यावर बस दोन तास पानिपतच्या बाजारात थांबली होती, आणि प्रत्येक कुटुंब एकेक गालिचा घेऊनच परतलं होतं.

"हा गालिचा पानिपतचा आहे, पण त्याचं पानिपत झालेलं मला चालणार नाही," हेमलताबाई म्हणाल्या. "एक महिना बघते. शिकला तर ठीक, नाहीतर ज्यांच्याकडून आणला त्यांच्याकडे परत. अपील नाही."

श्रावस्ती रडली. गजभिये रडले नाहीत, पण त्यांनाही वाईट वाटलं. ऑफिसातून घरी आल्यावर आपल्याला पाहून कुणी धावत दाराशी यावं, असं त्यांच्या आयुष्यात फार वर्षांनी घडत होतं.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी लशी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला खाली न्यायला मनाई केली. "छोटी ब्रीड है, घर में ही अख़बार बिछाइए. एक ही जगह, एक ही टाइम," असं त्यांनी सांगितलं. प्रश्न आला तो कोणता पेपर अंथरायचा याचा. घरात तीन पेपर येत. इंग्रजी गजभिये वाचत. हिंदी हेमलताबाईंना भविष्यासाठी लागे. मराठी पेपर नागपूरहून गाडीनं यायचा, तोही दुसऱ्या दिवशी. मुलीचं मराठी टिकावं म्हणून तो तिच्या जन्मापासून लावला होता, आणि पाहुण्यांना दिसेल अशा बेतानं टीपॉयवर ठेवला जाई. त्याची घडी आजवर कुणी मोडली नव्हती. त्यामुळे मराठी पेपरची निवड बिनविरोध झाली.

चार दिवसांत मोमो शिकला. सकाळी पेपर अंथरला की गंभीर चेहऱ्यानं त्याला एक फेरी मारायचा आणि मधोमध बसायचा. गजभियांना इतका आनंद अवर सचिवपदाचा आदेश आला तेव्हाही झाला नव्हता.

पाचव्या दिवशी मराठी पेपर आला नाही. इंग्रजी अंथरला. मोमोनं तो हुंगला, शेअर बाजाराच्या पानावरून चालत गेला आणि गालिच्यावर बसला. हिंदीचीही तीच गत झाली. कागदाचा म्हणा, शाईचा म्हणा, की दिवसभर गाडीत पडून राहिल्याचा म्हणा, त्याच्या नाकाला एकच वास मान्य होता.

"बाबा, यार, ही ओन्ली गोज ऑन मराठी!" श्रावस्ती म्हणाली.

गजभियांनी पेपरवाल्या गुप्ताजींना फोन केला. गुप्ताजी म्हणाले, "साहब, तीस कॉपी से कम का बंडल नागपुर वाले भेजते नहीं. आपको मिलाकर उन्नीस रह गए हैं. पहली तारीख़ से बिल्कुल बंद."

आता मोमोला घरात ठेवायचं तर दिल्लीत मराठी वृत्तपत्र वाचवणं भाग होतं. यमुनातीर मराठी मंडळाची मासिक सभा त्याच रविवारी होती. गजभिये आयुष्यात प्रथमच बोलायला उभे राहिले.

"आपला पेपर बंद पडतोय," ते म्हणाले. पुढे मोमोचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. "मला... मला हे सहन होणार नाही."

सभागृह हेलावलं. मातृभाषेसाठी इतका व्याकूळ झालेला केंद्र सरकारी अधिकारी मंडळानं पाहिला नव्हता. अध्यक्षा वैजयंतीताईंनी डोळ्यांना रुमाल लावला. तिथल्या तिथे एक तीव्र ठराव झाला, मराठी वृत्तपत्र संवर्धन उपसमिती नेमली गेली, गजभिये तिचे निमंत्रक झाले आणि ठरावाखाली दोनशे चौदा सह्या पडल्या. पेपर मात्र एकानंही लावला नाही. "आम्हाला मोबाइलवर येतं सगळं," कुणी म्हणालं. "आमच्याकडे वाचणारं कोण आहे?" दुसरं म्हणालं. वैजयंतीताई म्हणाल्या, "गजभिये, माझा पाठिंबा तुम्हाला आहेच. फक्त घरात रद्दीला जागा नाही हो."

हेमलताबाईंनी दिलेल्या महिन्याचे अठरा दिवस उरले होते. अशातच लिफ्टमध्ये नवव्या मजल्यावरच्या चड्ढाबाई भेटल्या. त्यांच्या हातात वळवळणारं पग जातीचं पिल्लू होतं.

"भाई साहब, आपका बेबी तो चार दिन में ट्रेन हो गया. हमारे वाले ने तो नाक में दम कर रखा है. क्या किया आपने?"

गजभियांनी खाजगीत, नववा मजला येईपर्यंत, सगळं खरं सांगून टाकलं.

"मराठी वाला? हमें भी लगवा दो जी! अंग्रेज़ी बिछाऊँ तो हस्बैंड चिल्लाते हैं, हिंदी बिछाऊँ तो सास. मराठी हमारे यहाँ किसी को आती नहीं, तो झगड़ा भी नहीं होगा."

युक्तिवाद बिनतोड होता. त्याच संध्याकाळी तो वसाहतीतल्या कुत्रेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला, तिथून द्वारकेला, तिथून नोएडाला. आठवड्याभरात एकोणीस प्रतींच्या एकशे सदतीस झाल्या. एका लॅब्रॅडॉरच्या मालकानं जनावराचा आकार लक्षात घेऊन दोन प्रती लावल्या. मंडळानं हे सर्व आपल्या ठरावाचं फलित असल्याचं परिपत्रक काढलं.

नागपूरला वृत्तपत्राच्या कार्यालयात खळबळ उडाली. खप घसरण्याची तिथे सवय होती, वाढला तर काय करायचं हे कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी त्यांनी दिल्लीच्या ग्राहकांकडे एक प्रश्नावली पाठवली. लोकांनी ती गजभियांकडून समजावून घेऊन प्रामाणिकपणे भरली. 'कोणतं पान सर्वांत उपयुक्त वाटतं?' याला बहुमत अग्रलेखाच्या पानाला मिळालं, कारण ते मधलं होतं. 'त्रुटी असल्यास कळवा' या रकान्यात रंगीत जाहिरातींवर एकमुखी तक्रार होती. त्या काही जिरवून घेत नाहीत, असं चड्ढाबाईंनी लिहिलं. 'अंकात काय वाढवावं?' तर पानं वाढवावीत.

संपादकांनी अहवाल दोनदा वाचला. राजधानीतल्या वाचकाला जाहिराती नको होत्या, पानं जास्त हवी होती, आणि त्याचा सगळा भर अग्रलेखावर होता. त्यांनी पूर्ण पानाच्या जाहिराती कमी केल्या, अग्रलेखाला दोन रकाने जास्त दिले आणि निमंत्रक गजभिये यांचा सहकुटुंब सत्कार करण्यासाठी स्वतः दिल्लीची गाडी पकडली.

दरम्यान घरात एक अनपेक्षित गोष्ट घडत होती. मोमो पेपरवर बसायला वेळ घेई, आणि तेवढा वेळ फोन बाजूला ठेवून त्याच्यापाशी थांबायचं काम श्रावस्तीकडे होतं. करायला दुसरं काही नसल्यामुळे ती मथळे वाचू लागली होती.

"बाबा, 'गळचेपी' म्हणजे?"

"म्हणजे, तोंड दाबणं. बोलू न देणं."

"अच्छा. मोमो, जरा सरक ना, पुढचं बघू दे."

सत्काराला मंडळाचं सभागृह भरलं होतं. ही सभा हेमलताबाईंच्या मुदतीच्या एकोणतिसाव्या दिवशी होती. मोमोला घरी एकटं ठेवण्याची जोखीम गालिच्यामुळे घेता येत नव्हती, म्हणून लशी बाकी असूनही तो, जमिनीला पाय न लावता, श्रावस्तीच्या मांडीवर होता. शाल झाली, नारळ झाला. संपादक सुधन्वा आगाशे यांनी माइक घेतला आणि प्रेमानं विचारलं, "काय गं बाळ, तूसुद्धा आमचा पेपर रोज बघतेस?"

"हो काका. पण आधी मोमो," श्रावस्ती म्हणाली. "तो त्याच्यावर शू करतो ना. सगळ्यांचे डॉगीज करतात. म्हणून तर लावलाय."

वैजयंतीताईंनी टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच खाली आणले. गजभियांनी मनात हिशेब केला. आता बंडल बंद होणार, म्हणजे मोमो जाणार. त्यांनी हेमलताबाईंकडे पाहिलं. त्या मोमोकडे पाहत होत्या.

आगाशे खाली वाकले. "रोज?"

"रोज."

"घडी मोडून? पूर्ण उघडून?"

"पूर्ण उघडल्याशिवाय तो बसतच नाही. आणि पेपर लेट झाला की दारापाशी जाऊन ओरडतो."

आगाशांनी चष्मा काढून पुसला. "माझा पेपर तिकडे लाखभर घरांत जातो हो," ते म्हणाले. "तीस वर्षं झाली. पेपर आला नाही म्हणून दारापाशी जाऊन ओरडणारा एकही वाचक अजून भेटला नव्हता." मग ते सभागृहाकडे वळले. "इथे दोनशे चौदा सह्यांचा ठराव झाला म्हणे. आज आलेला अंक कुणी पाहिलाय?"

दोनशे चौदा माणसं बुटांकडे पाहू लागली. तेवढ्यात मोमो भुंकला. बंडल चालूच राहील, असं आगाशांनी तिथेच जाहीर केलं. हेमलताबाई उठल्या, मोमोला श्रावस्तीच्या मांडीवरून उचलून घेतलं आणि म्हणाल्या, "चला, घरी. याची वेळ झाली." त्यांनी त्याला गाडीत स्वतःच्या मांडीवर घेतलं, हे गजभियांनी पाहिलं.

आता त्या वृत्तपत्राची स्वतंत्र दिल्ली आवृत्ती निघते. ही हकीकत तिच्यासाठीच लिहिली असून, संपादकांच्या सूचनेवरून ती मधल्या पानावर, कोणतीही जाहिरात शेजारी न ठेवता छापण्यात येत आहे. आपण ती इथपर्यंत वाचत आलात, त्या अर्थी आपल्या घरी कुत्रा नसावा. असल्यास कृपया पान लवकर खाली ठेवावं. खरा वाचक तुमच्या पायाशी केव्हाचा गोल गोल फिरतो आहे.