पंधराच्या वेगाची पुली

संस्कृतीचा ऱ्हास नेमका कधी सुरू झाला यावर विद्वानांत मतभेद आहेत. कोणी तो इंग्रजांपासून धरतात, कोणी मोबाइलपासून. आमच्या समोर राहणारे आण्णा मगदूम यांच्या मते तो पॉवर स्टिअरिंगपासून सुरू झाला.

"एका बोटानं गाडी वळाय लागली, सर, तवापासनं माणसाच्या हाताला काम ऱ्हायलं न्हाय. हाताला वजन लागाय पायजे."

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. ऱ्हासाची इतकी नेमकी कारणमीमांसा माझ्या वाचनात आलेली नाही.

आण्णा उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत चाळीस वर्षं पॅटर्नमेकर होते. लोखंडात जे ओतायचं, त्याचा आधी लाकडी नमुना करायचा, हे त्यांचं काम. ओतलेलं लोखंड थंड होताना जरा आकसतं, म्हणून या लोकांची मोजपट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचाहून केसभर मोठा. निवृत्त होताना आण्णांनी नोकरी सोडली, पट्टी सोडली नाही. घरातली सगळी कपाटं त्यांनी याच पट्टीनं मापं घेऊन सुताराकडून करवून घेतली; सुताराची पट्टी साधी, त्यामुळे प्रत्येक कपाट आपापल्या जागेत बोटभर सैल बसतं. त्यावर त्यांचं उत्तर असं, "कपाटाला बी हवा लागती की."

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या पत्नीचा, सुशीलाक्कांचा, उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. अक्का शिरोळच्या, बापाच्या उसात ट्रॅक्टर चालवलेल्या. दुखण्यापेक्षा त्यांना त्रास झाला तो वेणीचा. आठवडाभर शेजारणींनी घालून दिली, मग ते काम आण्णांनी अंगावर घेतलं. सकाळी दारातल्या कट्ट्यावर अक्का पुढं, आण्णा मागं. तिन्ही पेड सारखे पाहिजेत असा त्यांचा आग्रह.

"पट्टी लावू नगा केसाला," अक्का गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणायच्या.

"मग डावा पेड जाड का दिसतोय?"

"दिसू दे. मला काय स्वयंवराला जायाचं हाय?"

डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. दवाखान्यात भिंतीवर एक चाक बसवलेलं असतं. त्याच्यासमोर उभं राहून मूठ धरायची आणि हात गोल फिरवायचा. अक्का चार दिवस गेल्या, पाचव्या दिवशी बसल्या घरी. "अर्धा तास चाक फिरवायचं, आणि मी आपली भिंतीम्होरं हाय तितंच," त्या मला म्हणाल्या. "चाक फिरवलं तर माणूस कुटंतरी गेलं पायजे का न्हाय, सर?" मग त्या दिवसभर आतल्या खोलीत हात मांडीवर ठेवून बसून राहू लागल्या. बोलणंही कमी झालं. गल्लीत अक्कांचा आवाज नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे लहान पोरालाही कळत होतं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात आण्णांनी गाडीचं बॉनेट उघडलं. दोन घटना एकापाठोपाठ घडल्या की इतिहासवाल्यांना त्यांत संबंध दिसतोच. मला दिसला नाही.

गाडी त्यांच्या फौंड्रीच्या मालकांची. लांब नाकाची, पांढरी, एके काळी मंत्र्यांच्या ताफ्यात शोभायची तसली. फौंड्री बंद करताना मालकांनी ती आण्णांना देऊन टाकली. त्या काळात दुर्मीळ असलेलं पॉवर स्टिअरिंग हा तिचा मुख्य दिमाख होता. आण्णांनी तेच काढायला घेतलं. बायको आत गप्प बसलेली, आणि हे बाहेर संस्कृतिरक्षणात. मला त्यांचा राग आला होता, हे कबूल करतो.

स्टिअरिंगचा पंप निघाला, साधा स्टिअरिंग बॉक्स बसला. एवढ्यावर काम संपायला हवं होतं. पण इंजिनाच्या तोंडाशी एक पुली असते. तिला दोन खोबणी होत्या. एका खोबणीतला बेल्ट पाण्याचा पंप आणि पंखा फिरवायचा, दुसऱ्या खोबणीतला स्टिअरिंगचा पंप. आता दुसरी खोबण मोकळी पडली.

"ऱ्हाऊ दे की मोकळी," बशीरभाई म्हणाले. हे आण्णांचे जुने दोस्त, लेथवर लोखंड कातणारे. "खायाला मागती काय ती?"

"मोकळी खोबण म्हंजे बिनकामाचा संचालक. नुसता फिरत ऱ्हातोय."

पण खोबण हे निमित्त होतं. आण्णांना सगळ्या पुल्याच नव्यानं निवडायच्या होत्या. रोज संध्याकाळी मी ती चर्चा ऐकत असे. पंख्याकडची पुली लहान केली, तर पंखा जोरात फिरतो आणि इंजिन थंड राहतं, पण गाडी पळवली की पंखा बोंबलतो. मोठी केली, तर हायवेला सुख, पण रखडत चालवलं की इंजिन तापतं.

"गाडी कुटं पळवणार, ते सांगा. म्हंजे माप सांगतो," बशीरभाई म्हणाले.

"पळवणारच न्हाय. पंधराच्या वर जाणार न्हाय. आन् तास तासभर चालणार."

"पंधरानं तासभर? वरातीला लावताय व्हय गाडी?"

आण्णा बॉनेटखाली वाकले. त्यांनी पट्टी काढून मापं घेतली.

आठ दिवसांनी बशीरभाईंनी कातलेल्या नव्या पुल्या बसल्या. गाडी सुरू केली आणि बेल्टनं अशी किंकाळी फोडली की गल्लीतली कुत्री उठून बसली. बशीरभाईंनी वाकून बघितलं. नवी पुली मिलिमीटरभर आत बसत होती आणि बेल्ट तिरका पळत होता. त्यांनी आपल्या लेथची मापं तपासली, ती बरोबर होती. मग ते आण्णांच्या खिशाकडं बघत राहिले.

"कुटल्या पट्टीनं मोजलासा?"

चाळीस वर्षांत कुणी विचारला नसेल असा प्रश्न होता. आण्णा रस्ता ओलांडून माझ्याकडं आले आणि म्हणाले, "सर, पोरं वापरत्यात तसली साधी पट्टी हाय काय तुमच्याकडं?" नातवाची प्लॅस्टिकची पट्टी होती, तिच्यावर कार्टूनमधलं अस्वल होतं. त्यांनी ती निमूट घेतली.

"एवढी घाई कशाला?" मी विचारलं.

"तिचा हात रोज जरा जरा कमी हलाय लागलाय," ते म्हणाले.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

पुढच्या रविवारी मीही गेलो. कळंब्याच्या बाजूला प्लॉट पाडण्यासाठी सपाट केलेलं एक माळरान आहे. अक्का चालकाच्या जागेवर, आण्णा शेजारी, मी मागं. "हे काय नवीन?" म्हणत अक्कांनी स्टिअरिंग धरलं, आणि पहिल्याच वळणाला ओरडल्या, "आईगं. दगड बांधलाय काय ह्याला?"

"वजन पायजे," आण्णा म्हणाले.

"तुमचं वजन उतरवू काय आदी?"

पण त्यांनी वळण पुरं केलं. कारण समोर प्लॉटचा दगड होता, आणि शिरोळची बाई दगडाला गाडी लावत नसते. तासभर आम्ही माळावर गोल फिरलो. इंजिन तापलं नाही. परतताना अक्कांनी आण्णांच्या वळण घेण्याच्या पद्धतीतल्या अकरा चुका सांगितल्या. इतकं त्या दोन महिन्यांत बोलल्या नव्हत्या.

सुरुवातीला आण्णांनी पुढच्या टायरमध्ये हवा जास्त भरली होती, म्हणजे चाक हलकं वळावं. मग दर रविवारी ते थोडी थोडी हवा कमी करत. स्टिअरिंग आठवड्याआठवड्यानं जड होत गेलं. अक्कांना हे कधी सांगितलं नाही. हात हळूहळू वर जाऊ लागला. श्रावण लागला तेव्हा एका सकाळी कट्ट्यावर अक्का एकट्याच बसल्या होत्या आणि आपली वेणी आपणच घालत होत्या. आण्णा दारात उभे होते, मोकळे हात कुठं ठेवावेत हे न सुचल्यासारखे.

परवा लग्नात अक्कांचे डॉक्टर भेटले. मी ही हकिगत जरा रंगवूनच सांगितली. डॉक्टरांनी ताटातला मठ्ठा संपवला आणि म्हणाले, "चांगलं आहे. पण हा खांदा बहुधा वर्ष-दीड वर्षात आपोआपच सुटतो. मगदुमांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी."

घरी आल्यावर मी आण्णांना विचारलं.

"म्हाईत हाय की," ते म्हणाले. "पर तवर तिनं काय करायचं, सर? मांडीवरला हात बघत बसायचं?"

अक्का आता सुट्टीच्या दिवशी गडमुडशिंगी गावापर्यंत जातात, पन्नासच्या वेगानं. त्या वेगाला पंखा फार बोंबलतो. पुली पुन्हा बदलावी लागणार आहे.