माझ्या प्रबंधाने विद्यार्थिनी बदलून मागितली

गेल्या महिन्यात माझ्या प्रबंधाने विद्यार्थिनी बदलून मागितली. वनस्पतिशास्त्र विभागात स्वतः जाऊन रीतसर अर्ज दिला. मला न सांगता! इतकी वर्षं एका खोलीत राहिलो, तोंडावर बोलायला काय झालं होतं?

आमच्या विभागात असं झालं की आधी बैठक बसते. दोन्हीकडची मोठी माणसं बोलवायची, चहा द्यायचा, मिटतंय का बघायचं. नाहीच मिटलं तर प्रबंध दुसऱ्याकडे जातो आणि आपण पुन्हा पहिल्या पानापासून. मला ते झेपलं नसतं, खरंच सांगते.

माझ्याकडून सदामामा आले. फोनवर मी फक्त ‘प्रबंधाची बैठक आहे’ एवढंच म्हटलं होतं, त्यामुळे ते पेढे घेऊन आले. प्रबंधाकडून ग्रंथालयातले दोन वयस्कर प्रबंध होते. खुर्चीत बसताना त्यांची धूळ उडाली, तेव्हा एकजण “माफ करा हं” म्हणाला. मध्ये माझे मार्गदर्शक, खांबेटे सर.

“बोला, त्रास काय आहे?” सरांनी माझ्या प्रबंधाला विचारलं.

“परीक्षकांनी मला परत पाठवल्यापासून हिने मला कपाटात ठेवलंय. स्वेटरखाली. कुणी विचारलं की सांगते, झालंच, फक्त सही राहिलीये. मला आतून सगळं ऐकू येतं.”

वयस्कर प्रबंधांनी एकमेकांकडे बघितलं.

“आणि तुला माझ्याऐवजी आमच्या प्रयोगशाळेतला तो घाटपांडे हवाय?” मी भडकले. “तो तर वाट्टेल ते खोटं लिहून मोकळा होईल!”

“होईल. पण मला उघडेल तरी.”

सरांनी चहा मागवला.

“परत पाठवलं म्हणजे?” मामांनी पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळे माझ्याकडे बघत होते. प्रबंध मात्र खाली बघत होता, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

“मामा, माझं काम दगडफुलावर आहे. आपण मसाल्यात घालतो ना, तेच. कारखान्याच्या धुराजवळ ते जोमाने वाढतं असं मला दाखवायचं होतं. तीन वर्षं कातळावर जाऊन मोजत बसले. काही म्हणजे काही वाढलं नाही. मग पाचव्या प्रकरणात मी काहीतरी गोलगोल लिहिलं, आणि ते पकडलं गेलं. नापासच म्हणा.” मी प्रबंधाकडे वळले. “आता नाही वाढलं, असंच लिहिणार आहे.”

मामांनी मांडीवरच्या पुड्याकडे बघितलं. मग म्हणाले, “आणि या पेढ्यांचं काय करू?”

“द्या की,” प्रबंध म्हणाला. “बैठकीत तोंड गोड करतातच.”

सगळ्यांनी एकेक घेतला. सरांनी दोन.

“मग अर्ज मागे घेताय ना?” सरांनी हात पुसत विचारलं.

“इतक्यात नाही. आधी ही पाचवं प्रकरण कसं लिहिते ते बघतो. तोवर तो तुमच्याकडेच राहू द्या.”

सरांनी अर्ज खणात ठेवला. मी प्रबंधाला घेऊन निघाले. बसमध्ये त्याला खिडकी दिली.