चाळीस नगांची चौकट

लाकडाच्या व्यापाऱ्यापुढं लाकडाबद्दल तोंड उघडू नये, हे कळायला मला सत्तावन्न वर्षं लागली. (ऑफिसात मला हुशार समजतात. ऑफिसच तसं आहे.)

झालं असं. आमच्या ऋतुजानं आणि मोहोळच्या एका मुलानं पुण्यात नोकरी करता करता एकमेकांना पसंत केलं. आता फक्त थोरामोठ्यांनी हो म्हणायचं राहिलं होतं. मुलाच्या वडिलांची, वीरभद्रप्पांची, लाकडाची वखार. मागच्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो, तर गप्पा सगळ्या लाकडाच्याच. आपणही काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, "आमच्या दाराची चौकट अस्सल सागवानी. वडिलांच्या हातची. दर दिवाळीला ऑइलपेंट मारतो मी."

"असं? मग पुढच्या रविवारी येतोच की बघायला," ते म्हणाले.

घरी येऊन मी ठरवलं, सगळा रंग खरवडायचा आणि नुसतं पॉलिश मारायचं. सागवान कसं झळकेल! आमचा रंगारी नबीसाब वडिलांच्या काळापासूनचा. त्याला फोन लावला.

"साहेब, खरवडू नगा," तो म्हणाला. "वरनं पॉलिश पेपर मारून रंग देतो. झाकलंय ते बरं हाय की."

म्हातारा कामाला कंटाळला, दुसरं काय! शनिवारी मीच कंबर कसली. रिमूव्हर फासला, रंगाला टरारून फोड आले, आणि मी रंग खरवडायच्या पत्रीनं ओढायला लागलो. चॉकलेटी गेला, खाली हिरवा. हिरव्याखाली आकाशी, तो ऋतुजाच्या बारशाचा. त्याच्याखाली पिवळा निघाला तशी आमची महानंदा नाकाला पदर लावून जवळ आली.

"हा मी लग्न होऊन आले तेव्हाचा. ओला होता. माझ्या शालूला लागला होता."

"मग तेव्हाच सावध व्हायचं होतं," मी म्हणालो.

"तेव्हा तुम्ही बरे दिसायचात हो." असं म्हणून ती हसली, आणि तेवढ्यात तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. "अहो! ते माझं भाकरीचं उलथनं!"

पत्री मोडली होती, मी तरी काय करणार? ती तासभर बोलली नाही. (काम झपाट्यानं झालं.)

पिवळा निघाला आणि माझ्या छातीच्या उंचीवर काळीभोर अक्षरं दिसायला लागली. मी वाचलं : "चादर. ४० नग. पाण्यापासून जपा."

"सागवानावर असं लिहिलेलं असतं का हो?" महानंदानं विचारलं.

पुन्हा नबीसाबला फोन.

"तरी म्या सांगत हुतो," तो म्हणाला. "तुमचे वडील, आण्णा, मिलमधी हुते न्हवं? तितनं खोक्याच्या फळ्या आणल्या, सोता कडांना रंधा मारला. आत कडुनिंब, वर ह्या फळ्या. पैलं अस्तर म्याच दिलंय."

ऋतुजाचे डोळे भरले. "बाबा, ते म्हणतील, ही माणसं चौकटीबद्दल खोटं सांगतात, तर पोरीबद्दल काय काय सांगतील?"

पोरीचं लग्न माझ्या फुशारकीपायी मोडणार!

रविवारी सकाळी आठला नबीसाबनं प्रायमरचा हात मारला. अक्षरं आतून दिसतच होती. "वाळल्याबिगर दुसरा हात चालत न्हाय," असं सांगून तो चहा पिऊन गेला. दहाला पाहुणे. मग मी शेवटचा उपाय केला. नवा निळा शर्ट घातला आणि अक्षरांना पाठ लावून उभा राहिलो.

"या, या!" मी जागेवरूनच ओरडलो.

"बसा की तुम्हीपण," वीरभद्रप्पा म्हणाले.

"नको, मी उभाच बरा."

"त्यांची कंबर धरलीय," महानंदा म्हणाली.

"मग तर बसायलाच पाहिजे की!" विहीणबाई म्हणाल्या.

मी पोहे उभ्यानं खाल्ले. चहा उभ्यानं प्यालो. शेवटी वीरभद्रप्पा उठलेच. "सरका जरा. तुमचं सागवान बघू."

मी सरकलो. चर्रर्र आवाज झाला. सगळा प्रायमर माझ्या पाठीनं पुसून घेतला होता, आणि अक्षरं आता कालच्यापेक्षा ठळक दिसत होती. वीरभद्रप्पांनी चष्मा लावून ती मोठ्यानं वाचली.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "मला खरंच सागवान वाटायचं. पण काल कळल्यावरही लपवलं, ते चुकलं. पोरीचा यात काही दोष नाही हो."

वीरभद्रप्पा फळ्यांच्या सांध्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"सागवान नाही, ते मला मोहोळलाच कळलं होतं. सागवानाला दर दिवाळीला ऑइलपेंट कोण मारतं? पण हा सांधा बघा. पोस्टकार्ड शिरायचं नाही. वडील सुतार होते?"

"नाही. मिलमध्ये मागावर होते." आण्णांच्या कामाचं असं कौतुक मी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

ऋतुजा दारात येऊन उभी राहिली. "मग... काका?"

"पोरगी पसंत," वीरभद्रप्पा म्हणाले. "पोरीच्या आजोबांचं काम तर लई पसंत." मग ते माझ्या मागं गेले, माझी पांढरीफट्ट पाठ वरपासून खालपर्यंत बघितली आणि विहीणबाईंना म्हणाले, "व्याही तेवढे चालवून घेऊ."