बुरुल अपांची धुरी

नारिन शहरातल्या प्रसूतिगृहात पाहुण्यांसाठी चहा, पिठाचे तळलेले बोरसोक मांडून झालं, तरी डॉक्टर नुरझात खुर्च्या पुन्हा पुन्हा सरळ करत होती. फिनलंड, जॉर्जिया आणि तुर्कस्तानचे डॉक्टर यायचे होते. इमारतीत धूर आढळला नाही, तरच तंबाखू सोडवणारा दवाखाना इथे उघडायला ते मदत करणार होते. त्यांनीच पाठवलेलं धूर हुंगणारं यंत्र भिंतीवर महिनाभर गप्प होतं.

तेवढ्यात तिच्या सासूबाई, बुरुल अपा, भुकेलं बाळ घेऊन आल्या. नुरझात त्याला पाजायला शेजारच्या खोलीत गेली. अपांनी खुर्च्या मांडलेली खोली न्याहाळली. इतकी परकी माणसं येणार, आणि घरातलं तान्हं इथंच! त्यांनी पिशवीतून छोटा तवा काढला, त्यावर आर्चा या सुगंधी झुडपाची वाळकी डहाळी पेटवली आणि खुर्च्यांभोवती फिरू लागल्या.

यंत्र किंचाळायला लागलं. नुरझात बाळाला खांद्यावर टाकून धावत आली.

"अपा, हे काय केलंत?"

"दृष्ट काढली. तुझी, बाळाची, खुर्च्यांचीसुद्धा. कुणाची नजर कशी, सांगता येतं का?"

"पण आज धूर नको होता हो."

"हा कुठला धूर? ही तर आर्चा आहे."

नुरझातने खिडकी ओढली. थंडीसाठी फटींना चिकटवलेला कागद जागचा हलेना. आणि दारात पाहुणे. सगळ्यांत पुढे फिनलंडच्या वयस्कर डॉक्टर हिल्का, नाक वर करून. नुरझात एका हाताने धूर वारू लागली. बाळ मात्र तिच्या मानेत तोंड खुपसून निवांत झोपलं होतं.

इतक्यात कोपऱ्यातल्या कोठीचं दार उघडलं. संचालक तोक्तोसून बाहेर आले. सिगारेट सोडल्याची शपथ सगळ्यांत आधी त्यांनीच घेतली होती.

"माझंच चुकलं," ते खाली बघत म्हणाले. "एकच ओढली. एवढ्याशा धुरानं हे बोंबलेल असं वाटलं नव्हतं."

हिल्काबाईंनी अपांच्या हातातला धुमसता तवा पाहिला, मग संचालकांना पाहिलं. शेवटी बाई म्हणाल्या, की जिथे संचालकच कोठीत लपून ओढतात, तिथे दवाखान्याची खरी गरज आहे; पहिला पेशंटही आयताच मिळालाय.

नुरझात लगबगीने चहा ओतायला वळली. अपांनी बाळाला अलगद घेतलं आणि तिच्या कानाशी वाकल्या.

"बघ, धुरी फिरवली की आतली पीडा बाहेर पडतेच."