हडप्पा, तालुका मानोरा

आमच्या गावाला उतार आहे. गोष्ट भूगोलाची असली तरी तिचा त्रास एकाच घराला होतो. वरच्या आळीतल्या न्हाण्यांचं, गोठ्यांचं, धुण्याभांड्यांचं पाणी अगदी शिस्तीत खाली येतं आणि गंगूआजीच्या दारात मुक्काम करतं. आजी रोज सकाळी टिकास घेऊन चर खणते, पाणी शाळेमागच्या पडीक जागेकडे लावून देते आणि मगच चहा पिते. नालीची मागणी दरवर्षी ग्रामसभेत येते आणि एकमताने मान्य होते. आमच्या गावात एकमत होण्यासारखा तो एवढाच विषय आहे, कारण मान्य केल्यानं काही होत नाही.

पण यंदा झालं. नालीला खरोखरची मंजुरी आली. ठेकेदार येऊन आजीच्या दारासमोर चुन्याची रेघ मारून गेला. त्या रेघेवर आजीनं कोंबडीलाही पाय देऊ दिला नाही.

त्याच आठवड्यात शाळेत खेळ आला.

खेळाचं नाव ‘प्राचीन नगरी’. सहावीच्या मुलांनी संगणकावर हडप्पा काळातलं शहर वसवायचं आणि त्यातून त्यांना आपोआप इतिहासाची गोडी लागायची, असं परिपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं. हरीओम सरांनी शाळेतल्या एकुलत्या एक संगणकाचं कव्हर काढलं, उदबत्ती लावली आणि माउस गंगूआजीच्या नातीच्या, पिंकीच्या, हाती दिला. बाकीची मुलं शॉक लागेल म्हणून मागे सरकली होती.

खेळानं आधी नगरीचं नाव विचारलं. पिंकीनं आपल्या गावाचं नाव टाकलं.

“हडप्पा लिही ना, बेटा,” सर म्हणाले.

“त्या गावात माह्यं कोणीच नाई, सर.”

आठवडाभरात नगरी उभी राहिली. विटांचे सरळ रस्ते, धान्याचं कोठार, घराघरात न्हाणी आणि न्हाणीपासून निघालेली झाकणाची नाली. दुपारी आजी शाळेच्या खिडकीशी येऊन बघायची.

“कोणाच्या दारातून नेऊन राह्यली वं पाणी?”

“कोणाच्याच नाई. थेट गावाच्या बाहीर.”

“अन् वरच्या आळीचे लोकं भांडले नाईत?”

“त्यायले भांडता येत नाई, आजी. बटनच नाई दिलं.”

“लय सुधारलेले लोकं होते मंग,” आजी म्हणाली.

उपक्रम पूर्ण झाल्याचा पुरावा म्हणून फोटो पाठवायचा होता, तोही साधा नाही. फोटोखाली गाव, तालुका, वार, वेळ आपोआप छापणारं एक ॲप असतं, त्यातूनच काढलेला हवा. सरांनी खिडकी लावली, मोबाइल पडद्याला जवळजवळ भिडवला आणि पिंकीच्या नालीचा असा फोटो काढला की संगणकाची कडसुद्धा दिसू नये. याच मोबाइलवरून सर मतदारांची नोंदणी करत, शौचालयं मोजत आणि गावातल्या स्वच्छतेच्या कामांचे फोटोही चढवत. मधल्या वेळात शिकवत. त्या घाईत फोटो खेळाच्या रकान्यात न जाता नालीच्या रकान्यात गेला.

सरकारी पोर्टलनं तो लगेच स्वीकारला. आजवर सरांनी पाठवलेला खऱ्या चिखलाचा प्रत्येक फोटो त्यानं ‘अस्पष्ट’ म्हणून परत केला होता. या फोटोत मात्र सगळं स्वच्छ होतं. खाली गावाचं नाव होतं. उत्तर आलं: ‘नाली बांधकाम पूर्ण. दर्जा उत्कृष्ट.’

पूर्ण झालेलं काम पुन्हा करणं हा गैरव्यवहार ठरतो. म्हणून ठेकेदाराचं काम रद्द झालं.

आजी पिंकीला घेऊन जीपनं मानोऱ्याला गेली. अभियंता उदयसिंग साहेबांनी फोटो तिच्यापुढे धरला.

“आजी, हे पाहा. पक्क्या विटा, वर झाकण. अशी नाली माझ्या स्वतःच्या कॉलनीत नाही.”

“ते खेळातली हाय, साहेब. ह्या पोट्टीनं बनवली.”

“हिनं? वय काय हिचं?”

“अकरा.”

साहेबांचा चेहरा गंभीर झाला. “मग बालमजुरी का करवून घेतली?”

आजीनं तक्रार तिथेच सोडली आणि पोरीचा हात धरून जीप गाठली.

पुढे गावाला स्वच्छतेचा पुरस्कार जाहीर झाला. सरपंच जगदेवराव आधी म्हणाले, की नालीच नाही तर पुरस्कार कसा घ्यायचा. शाल अंगावर पडल्यावर म्हणाले, की नाली ही शेवटी एक भावना असते. मग पुरस्कारामागून पडताळणी समिती आली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ती आजीच्या दारातल्या पाण्यात उभी राहिली आणि नाली शोधू लागली.

“नाली कुठं आहे?”

“झाकलेली आहे,” जगदेवराव म्हणाले.

“झाकण तरी दिसायला पाहिजे.”

“त्याच्यावर माती आली, साहेब.”

“इतक्यात?”

तेव्हा समितीतल्या एका हुशार सदस्यानं फोटो बोटांनी मोठा केला. कोपऱ्यात खेळानं बारीक अक्षरात काळ दिला होता: इसवी सनापूर्वी पंचवीसशे. नाली आहे पण दिसत नाही, काम उत्कृष्ट आहे पण ठेकेदारानं केलेलं नाही, या दोन्ही कोड्यांचा उलगडा एकदमच झाला. हरीओम सर खरं सांगायला पुढे झाले होते. शोध शाळेच्या नावावर नोंदवू म्हटल्यावर ते परत मागे गेले.

चुन्याच्या रेघेवर पाटी लागली: ‘पुरातन स्थळ. खोदकामास सक्त मनाई.’ पाटी राखायला लालसिंग नावाचा पहारेकरी बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी नेहमीसारखी टिकास घेऊन बाहेर आली.

“टिकास ठेव, आजी,” लालसिंग म्हणाला. “हजारो वर्सांची चीज हाय. फुटन.”

“अन् माह्या घरात पाणी जाऊन राह्यलं ते?”

लालसिंगनं विचार केला. “ते बी पुरातनच म्हन ना. तुह्या सासूच्या टायमापासून येऊन राह्यलं.”

चर बंद झाला. पाणी आधी ओट्यावर चढलं, मग चुलीत गेलं. पिंकीचं दप्तर खुंटीवर गेलं, पीठ मचाणावर गेलं, आणि शेवटी आजी गोधड्या घेऊन शाळेच्या वर्गात राहायला आली. त्या मुक्कामाचा फोटोही सरांनी चढवला. तो अस्पष्ट निघाला.

आमचं मात्र बरं चाललं आहे. पोहरादेवीच्या दर्शनाहून परतणाऱ्या जीपा आता आमच्याकडे थांबतात. लोक पाटीजवळ फोटो काढतात, आजीच्या दारातलं पाणी हडप्पाचं समजून बाटलीत भरून नेतात. वरच्या आळीत चहाच्या टपऱ्या लागल्या आहेत. त्यांची भांडी तिथेच धुतली जातात. ते पाणी कुठं जातं, हे कुणी विचारत नाही. उतार आहेच.

काल पिंकीनं पुन्हा संगणक सुरू केला. नगरीच्या सर्वांत खालच्या घरात तिनं एक म्हातारी बसवली आणि तिच्या दारापुढची नाली दोनदा तपासली. मग आजीला हाक मारली.

“पाह्य, तुले आणलं इथं.”

आजी वाकून पाहू लागली. घराघरापुढे नागरिक उभे होते. काम कुणी करत नव्हतं.

“हे सारे दात काढून काहून उभे हायेत?”

“त्यायचं दार कोरडं हाय, आजी. दार कोरडं असलं का हासतात ते. मंग बाजूच्या घरात काई का होईना. तसेच बनवलेत.”

आजीनं मान वर केली. खिडकीशी आम्ही गर्दी करून उभे होतो. वर्गात चूल मांडून बसलेली म्हातारी बघायला मजा वाटत होती. आजी आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघत गेली.

“पिंके,” ती म्हणाली, “खेळ बंद केला का तू? हे अजून हासूनच राह्यले.”

आणि तुम्हीही, म्हणजे ज्यांनी इथवर वाचलं ते, मघापासून हसताच आहात. छान. म्हणजे तुमचंही दार कोरडं आहे.