टेलवाल्याले आधी

सकाळी बरोबर नऊ वाजता आमच्या गल्लीत तीनदा हॉर्न वाजतो. पहिला लांब, दुसरा त्याहून लांब, आणि तिसरा इतका लांब की कचऱ्याजवळची कुत्रीसुद्धा उठून जागा बदलतात. मग रहांगडाले काकाजी आपल्या जुन्या पांढऱ्या फोरव्हीलरमधून खाली उतरतात, गल्लीच्या मधोमध उभे राहतात, दोन्ही बाजूंना हात दाखवतात आणि खणखणीत आवाजात सांगतात, "हटा जी, गाडी सोडून राहिलो."

नव्या माणसाला वाटतं, हे गृहस्थ आता थेट रायपूरला निघाले. काकाजी निघालेले असतात नातीला शाळेत पोचवायला. शाळा आमच्या गल्लीपासून सातशे अठरा मीटरवर आहे. हा आकडा त्यांचाच. रिटायर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी साखळी आणून रस्ता मोजला होता आणि साखळीचं दुसरं टोक धरायला मला उभं केलं होतं. हे अंतर पायी आठ मिनिटांचं आहे. काकाजींना गाडीने अठ्ठावीस मिनिटं लागतात.

मी त्यांचा शेजारी. तहसील कार्यालयात बाबू आहे, आणि पावणेदहाला मशीनवर अंगठा टेकला नाही तर माझी अर्धी रजा जाते. माझी मुलगी आर्या त्याच शाळेत तिसरीला आहे. म्हणजे रोज सकाळी नऊ ते साडेनऊ मी स्कूटरवर, पुढे दप्तर, मागे आर्या, आणि शाळेच्या गल्लीपर्यंत माझ्यासमोर काकाजींच्या गाडीची मागची काच. त्या काचेकडे मी इतक्या रागाने पाहिलंय की ती अजून शाबूत कशी, याचं मला नवल वाटतं.

आमच्या सडक अर्जुनी गावात गाड्या जोरात पळवणारे लोक कमी नाहीत. हायवेवरून रात्रंदिवस ट्रक धडधडत जातात, त्यामुळे इथल्या माणसाच्या कानालाच वेगाची सवय आहे. काकाजींची जात वेगळी. त्यांची उभी नोकरी इटियाडोह धरणाच्या नहरावर गेली. आधी पाटकरी, मग कालवा निरीक्षक. गेट उघडण्याआधी खालच्या गावांना इशारा द्यायचा, ही तीस वर्षांची सवय. नोकरी संपली, सवय तशीच राहिली. फरक इतकाच की पूर्वी ते पाणी सोडायचे, आता गाडी सोडतात.

त्यांच्या लेखी हायवे म्हणजे मेन कॅनल. आमची गल्ली म्हणजे मायनर, नहराचा छोटा फाटा. स्पीड ब्रेकर म्हणजे फॉल, नहरातली पाणी पडायची पायरी, आणि फॉल आला की पाण्याचा जोर मोडला पाहिजे, म्हणून तिथे गाडी पूर्ण थांबवून, पहिला गिअर टाकून, मग पुढे. एखादा पोरगा रांग मोडून उजवीकडून मोटरसायकल घुसवतो, तेव्हा काकाजी शिवी देत नाहीत. ते अत्यंत दुःखाने म्हणतात, "पाहा जी, नहर फोडून राहिला थो." नहर फोडणं हा त्यांच्या कायद्यात खुनाच्या खालोखालचा गुन्हा आहे.

हे सगळं आम्ही सहन केलं असतं. पण काकाजींनी शाळेच्या गल्लीला शिस्त लावायचं मनावर घेतलं.

ती गल्ली म्हणजे एक प्रकरण आहे. हायवेवरून आत वळलं की सरळ शाळेचं फाटक. रुंदी एवढी की दोन ऑटो समोरासमोर आले तर एकाच्या ड्रायव्हरने दुसऱ्याचा चहा प्यावा. सकाळी तिथे ऑटो, स्कूटर, सायकली, पोरांना उचलून आणणाऱ्या आया, आणि त्यातच किराणावाल्याचा टेम्पो. पुढचा मागे येऊ शकत नाही, मागचा पुढे जाऊ शकत नाही, आणि प्रत्येक जण हॉर्नवर हात ठेवून दुसऱ्याला शहाणपण शिकवतो. त्यात मीही आलोच.

एका सकाळी काकाजी गाडीतून उतरले, हातात काठी घेतली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. "आजपासून टेलवाल्याले आधी," त्यांनी जाहीर केलं.

ज्यांना शेती नाही त्यांच्यासाठी सांगतो. नहराच्या तोंडाशी ज्याचं शेत, तो हेडवाला. शेवटाला ज्याचं शेत, तो टेलवाला. हेडवाल्याने आधी पाणी घेतलं तर टेलपर्यंत ओलसुद्धा पोचत नाही, धान करपतं. म्हणून चांगला निरीक्षक पाळी टेलपासून लावतो. काकाजी चांगले निरीक्षक होते. केशोरीकडचे शेतकरी अजून बाजारात भेटले की त्यांच्या पाया पडतात.

"पानी हेडवाल्याच्या दारातूनच जाते," ते आम्हाला समजावू लागले. "थो तहानेनं नाई मरत. टेलवाल्याले आधी देल्लं तं सर्वायले पुरते."

सगळ्यात पुढे फाटकाशी उभा असलेला ऑटोवाला वैतागून ओरडला, "चाचाजी, पीछेवाला पहले कैसे जाएगा? मेरे ऊपर से?"

काकाजींनी काठीने डावीकडे दाखवलं. रांगेच्या शेवटी, हायवेजवळच, राईस मिलच्या बाजूने एक कच्चा रस्ता जातो. तो शाळेच्या मागच्या फाटकाला निघतो. आम्ही सगळे तो रोज पाहत होतो, पण ज्याचं तोंड फाटकाकडे असतं त्याला मागचा रस्ता कधी दिसत नाही. शेवटच्या सहा-सात गाड्या तिकडून गेल्या, मागचा रेटा संपला, पुढच्यांना वळायला जागा झाली, आणि नऊ वाजून बावीस मिनिटांनी गल्ली मोकळी. मी आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसात वेळेआधी पोचलो. शिपायाने माझी तब्येत विचारली.

गोष्ट इथे संपली असती तर आज मी काकाजींचा सत्कार केला असता. पण आमच्या तालुक्यात प्रत्येकाच्या घरी थोडं तरी धान आहे आणि पाळी म्हणजे काय हे लहान पोरालाही कळतं. टेलवाल्याला आधी मिळतं, ही बातमी संध्याकाळपर्यंत घरोघरी पोचली.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी हायवेच्या वळणावर आलो, तर शाळेची गल्ली रिकामी. एकही गाडी आत नाही. आणि वळणाच्या अलीकडे, पानठेल्यापासून पार दवाखान्यापर्यंत, सगळं गाव थांबलेलं. प्रत्येकाला टेल व्हायचं होतं.

"व्हा जी पुढे."

"नाई जी, तुमी व्हा. मले घाई नाई."

"पहले आप, भाईसाहब."

एक बाई मोपेड ढकलत ढकलत रांगेच्या मागे नेत होत्या. त्यांना पाहून त्यांच्या मागचा माणूस आणखी मागे गेला. एका ऑटोवाल्याने तर बारा पोरांसकट गाडी वळवली आणि पेट्रोल पंपापाशी जाऊन उभा राहिला. खोटं कशाला सांगू, मीही स्कूटर दोनदा मागे घेतली. इतकी सभ्यता आमच्या गावाने त्याआधी कधी दाखवली नव्हती. आत शाळेची घंटा झाली, फाटक बंद झालं, आणि साठ-सत्तर पोरं बाहेर.

काकाजी काठी टेकून मधोमध उभे होते. "हेडवर बसासाठी डोकी फुटलेली पायली म्या," ते म्हणाले. "टेलवर बसासाठी भांडन आजच पायलं."

मोठ्या मॅडमनी बाहेर येऊन सगळ्यांच्या डायऱ्यांत लाल पेनने उशिराचे शेरे मारले. आर्याचा पहिलाच होता. काकाजींची नात पलक, पाचवीतली, तिचा मात्र चौथा. कारण शाळेच्या गल्लीशी आलं की काकाजी गाडी कडेला घ्यायचे आणि रोज काहीही झालं तरी ती शेवटीच आत जायची. पुढचे गेले, मधले गेले, मागचे गेले, तरी हे उभे. मी एकदा चिडून विचारलं होतं, "काकाजी, तुमची पाळी कधी येते?"

"इन्स्पेक्टरले पाळी नसते," ते म्हणाले आणि काच वर केली. आत पलक समोरच्या सीटवर मांडी घालून बसलेली, हातवारे करत काहीतरी सांगत होती.

चौथ्या शेऱ्याने घरात निर्णय झाला. पलकची आई नर्स आहे, सकाळी आठलाच ड्यूटीवर निघते. वडील तिरोड्याला नोकरीला, रविवारचे येतात. काकी चार वर्षांपूर्वी वारल्या. सुनबाईंनी सासऱ्यांना शांतपणे सांगितलं, "मामाजी, सोमवारपासून पलक सायकलनं जाईन. तिले येते चालवता." सायकल आधीच आलेली होती, जांभळी, पुढे टोपली असलेली.

त्या रविवारी दुपारी काकाजी माझ्याकडे आले. हातात कोरा कागद.

"शहारेजी, एक अर्ज लिहून द्या. तुमच्या ऑफिसची भाषा पायजे."

"कशाचा?"

"शाळेच्या गल्लीत सायकलले बंदी करा म्हनून."

मी जेवून आडवा होणार होतो, आणि आठवडाभराचा राग पोटात होताच. मी बोललो. बरंच बोललो. सातशे अठरा मीटर आहे, पोरगी परदेशी चालली नाही. तुमच्या गाडीमागे मी वर्षभर कुजतोय. तुम्ही घरापासूनच कडेला लागलात तर अर्धं गाव वेळेवर पोचेल. काकाजी ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली.

"गाडीत बसली की बोलते जी थे," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"घरी नाई बोलत. शाळेतून आली की ट्यूशन, ट्यूशन झाली की मोबाइल, मोबाइल झाला की झोप. मी काही विचारलं तं 'काही नाई आबाजी'. गाडीचं दार लावलं की सुरू होते. कोन कोनाशी कट्टी, कोनाच्या डब्यात काय. पप्पाची आठवन येते, थे बी गाडीतच सांगते. घरी नाई सांगत, आई रडन म्हनून." त्यांनी कागद गुडघ्यावर सपाट केला. "अर्धा तास भेटते मले. म्हनून शेवटाले उभा राहतो. सर्वे गेले तरी चालते. सातशे अठरा मीटर लय कमी हाय जी."

"मग साडेआठला निघायचं," मी म्हणालो. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो.

"साडेआठपर्यंत थे केसंच विंचरत राहते."

अर्ज मी लिहिला नाही. लिहून उपयोगही नव्हता, आणि त्यांनाही ते ठाऊक होतं. ते कागद माझ्याकडेच विसरून गेले. मला माझीच लाज वाटली. सगळ्या गावाची पाळी लावणारा हा माणूस रोज आपली पाळी मागे ढकलत होता, आणि मी त्याच्या मागच्या काचेकडे पाहून दातओठ खात होतो.

सोमवारी पलक सायकलवरून गेली. चार मिनिटांत पोचली म्हणे. मी ऑफिसात वेळेवर. मंगळवारीही वेळेवर. काकाजींनी दोन्ही दिवस गाडी धुतली. मंगळवारी तर ती आधीच स्वच्छ होती, तरी पुसत होते. मी "काय काकाजी" म्हटलं, तर "काही नाई" म्हणाले.

बुधवारी संध्याकाळी मला आठवडी बाजारात जायचं होतं. स्कूटर काढायला गेलो, तर काकाजींची गाडी अंगणातून अर्धी बाहेर, माझ्या दारात आडवी. पुसायला सोयीचं म्हणून त्यांनी तिथे लावली असावी. मी हाक मारणार, तेवढ्यात पलक शाळेतून आली. सायकल भिंतीला टेकवली. घरात गेली नाही. गाडीचं पुढचं दार उघडलं, आपल्या सीटवर मांडी घालून बसली आणि ओरडली, "आबाजी, या ना. दार लावा."

काकाजी हातातलं फडकं टाकून आले. आले म्हणजे जवळजवळ धावले. स्टीअरिंगमागे बसले, दार लावलं, काच वर केली. गाडी बंद. चावी घरात. आत पलकचे दोन्ही हात सुरू झाले होते, आणि काकाजी रस्त्यावर नजर ठेवावी तशी समोरच्या तुळशीवर नजर ठेवून मान हलवत होते.

मी स्कूटर धरून पाच मिनिटं उभा राहिलो. दहा मिनिटं. शेवटी काकाजींनी मला पाहिलं. चार बोटं काच खाली झाली.

"शहारेजी, जरा थांबा लागन," ते हळू आवाजात म्हणाले. "सोमवार-मंगळवारचं झालं. आजचं राहिलं हाय." आणि काच पुन्हा वर.

मी स्कूटर स्टँडवर लावली, पिशवी घेतली, आर्याला हाक मारली आणि आम्ही दोघं पायीच बाजाराला निघालो. स्कूटरवर मी तिला रोज दोनच वाक्यं ऐकवतो, घट्ट धर आणि गप बस. पानठेल्यापर्यंत ती गप्पच चालत होती. दवाखान्यापर्यंतही गप्पच. मी काही विचारलं नाही, पाय तेवढे हळू टाकले. पेट्रोल पंप मागे पडला, आणि तिने माझं बोट धरून विचारलं, "पप्पा, सांगू एक?"