बारशाआधीच नाव माहीत असलेले बबनकाका

"नाव सांगा, वय मी सांगतो!" ही बबनकाकांची ललकारी. उल्हासनगर कॅम्प पाचला एका सिंधी शेठच्या भांड्यांच्या दुकानाबाहेर स्टूल टाकून ते मशीनने भांड्यांवर नावं घालतात. चाळीस वर्षं हेच काम, आणि अंदाज सहसा चुकत नाही. कुसुम म्हणजे सत्तरी पार, अलका नुकतीच रिटायर, पूजाची पोरं दहावीला.

एकदा शाळेच्या युनिफॉर्ममधली पोरगी डब्यावर 'मंदाकिनी' घालायला आली. काका म्हणाले, "आजीला डबा कशाला गं आता?"

"अंकल, मीच मंदाकिनी!"

काका दोन दिवस खूश. "जुना माल मार्केटमध्ये परत आला!"

शेठ नव्या नावांना हसतो. काका त्याला सुनावतात, "रुको शेठ, साठ साल बाद यही कियाराआजी घुटने को तेल लगाएगी."

आमच्यात बारशाला आत्या कानात सांगेपर्यंत बाळाचं नाव गुपित असतं. पण वाटीवर घालायचं म्हणून काकांना ते आधीच कळतं. एका आजोबांनी नातवाचं नाव काढून घ्यायला त्यांना स्पेशल चहा पाजला. काकांनी चहा प्यायला, नाव काही सांगितलं नाही. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं.

परवा धाकट्या भावाच्या मुलीच्या बारशासाठी वाटी घेऊन गेले. काकांच्या पेटीत फडक्यात गुंडाळलेली तशीच एक वाटी दिसली. जुनी, बिननावाची.

"ही कुणाची?"

"आमच्या पोरीची. बारशाला तीन दिवस होते, तेव्हा गेली."

"नाव ठरलं होतं?"

"ठरलं होतं ना. पण आत्याने सांगितल्याशिवाय बाहेर नाय काढायचं. आमच्या दोघांतच राहिलं. आता आमची बायको पण गेली. मला एकट्यालाच माहितीय."

मी म्हटलं, "काका, मी आत्याच आहे. मला सांगा."

त्यांनी हातातलं मशीन बाजूला ठेवलं. मग वाकून माझ्या कानात त्यांनी नाव सांगितलं. साधंच होतं, माझ्या वर्गात त्या नावाच्या चौघी होत्या. आज ती माझ्याच वयाची असती.

मी ती वाटी तोंडाशी धरली, हळूच 'कुर्रर्र' केलं आणि नाव घेतलं.

काकांनी चष्मा पुसला, वाटी माझ्या हातातून घेतली आणि मशीन सुरू केलं.